पाण्यावरचं घर

(मे महिन्यातल्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्याच्या ओघात राहून गेलेले काही आकडे घातले आहेत.)

 

ग्रुपवर मला निरोप आला, ‘तू इंजिनिअर आहेस. पुढे माणसं समुद्रावर तरंगणाऱ्या शहरांत राहणार म्हणतात, त्यावर वीस मिनिटं बोल.’ हा निरोप पाठवणारा आठवीत माझ्या मागच्या बाकावर बसायचा. त्याने हा विषय मुद्दाम दिला आहे, कारण माझी एक फजिती त्याच्या चांगली लक्षात आहे.

आठवीत सहामाहीला निबंध आला होता, ‘मी पाहिलेला समुद्र’. वर्गात समुद्र पाहिलेलं एकही पोर नव्हतं. मी मात्र दीड पान भरून लिहिलं. त्यात एक वाक्य होतं की बोटीवर राहणाऱ्या लोकांची मजा असते, त्यांना पाण्यासाठी लांब जावं लागत नाही, घागर बुडवली की झालं. सरांनी त्याखाली लाल शाईने लिहिलं, ‘समुद्राचं पाणी खारट असतं. एकदा चव घेऊन ये.’ दहापैकी चार मार्क दिले. सर आज समोर बसले आहेत. सर, मी चव घेतली. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, दादरच्या चौपाटीवर, सगळ्यांसमोर ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. मैत्रिणींना वाटलं मला वेड लागलं.

खरं तर समुद्र आपल्यापासून फार लांब नाही. नकाशावर पट्टी ठेवून पाहा. सुरगाण्यापासून वलसाडचा किनारा सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या आत येतो. आपल्या तालुक्यात कोटंबीजवळच्या डोंगरात अंबिका नदी उगम पावते आणि १३६ किलोमीटर जाऊन बिलिमोऱ्याच्या पुढे अरबी समुद्राला मिळते. पारही तिकडेच जाते. आपल्या कौलांवरून गळालेला पाऊस काही दिवसांत समुद्र होतो, आणि आपण मात्र मे महिन्यात टँकरची वाट बघत बसतो. आज सकाळी येताना रस्त्याच्या कडेला झिऱ्यावर बायकांची रांग मी पाहिली, तुम्हीही पाहिली असेल. त्यामुळे समुद्रावरच्या शहरांबद्दल बोलायचं तर मला इथूनच सुरुवात करावी लागेल.

मी काय काम करते ते थोडक्यात सांगते. धरणांच्या पाण्यावर तरंगणारे सौर पॅनल बसवतात. ते वाऱ्याने वाहून जाऊ नयेत म्हणून दोरांनी तळाशी आणि काठाशी बांधलेले असतात. त्या दोरांवर सेन्सर असतात. सेन्सरकडून आलेली माहिती वाचून, काही बिनसलं तर इशारा देणारे प्रोग्रॅम मी लिहिते. घरी हे कुणाला समजावून सांगता येत नाही, म्हणून गावात सगळे म्हणतात, ‘ती पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूंचं काम करते.’

२०२२ च्या होळीला मी गावी गेले होते. आमचं मूळ गाव पारच्या खोऱ्यात. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राच्या अर्थसंकल्पात पार-तापी-नर्मदा नदीजोडचं नाव आलं होतं, आणि डांग, वलसाडपासून आपल्या बाजूपर्यंत सगळीकडे एकच बोलणं चाललं होतं की धरणं होणार, गावं बुडणार. होळीच्या रात्री अंगणात सगळे बसले असताना माझ्या आत्याने विचारलं, ‘पोरी, उद्या गाव पाण्याखाली गेलं तर तू आमची घरं तरंगवशील का?’

मी म्हटलं, ‘हो आत्या, आता सगळं करता येतं.’ आणि मोबाइलवर मालदीवच्या तरंगत्या शहराचं चित्र दाखवलं. निळं पाणी, रंगीत घरं, दारात होडी. तिने मोबाइल लांब धरून नीट पाहिला. मग विचारलं, ‘यात गुरं कुठं बांधायची?’ सगळे हसले, मीही हसले. ती हसली नाही. तिने पुढे विचारलं, ‘आणि हे कशाला बांधलंय?’

मला वाटलं ती विचारते आहे, असलं बांधायचं कारण काय. मी तिला समुद्राची पातळी, मालदीवची बेटं असं सांगायला लागले. ती म्हणाली, ‘तसं नाही गं. पाण्यावर आहे ना, मग दोर कशाला बांधलाय?’

तेव्हा मी तिला धड उत्तर दिलं नाही. तिच्या बोलण्यातले दोन्ही प्रश्न, मी ऐकलेला आणि तिने विचारलेला, गेली काही वर्षं माझ्या डोक्यात आहेत. आज तुमच्यासमोर ते सोडवायचा प्रयत्न करते.

आधी सोपा भाग. घर तरंगतं का? तरंगतं. सातवीत विज्ञानाच्या बाईंनी बादलीत स्टीलचा डबा सोडून दाखवला होता, आठवतो? रिकामा डबा वर राहिला, खडे टाकत गेलो तसा गळ्यापर्यंत बुडाला. तरंगत्या घराचा पाया म्हणजे तसाच एक डबा, फक्त काँक्रीटचा आणि आतून पोकळ. १० मीटर लांब, १० मीटर रुंद तळाचा डबा घ्या. त्यावर एक टन वजन चढवलं तर तो जेमतेम एक सेंटिमीटर खाली जातो. म्हणजे आमच्या वर्गातले पंधरा-सोळा जण त्यावर चढले तर तो बोटाच्या पेराइतकाही दबणार नाही. आपली आजची वजनं धरून सांगते आहे.

नेदरलँड्समध्ये मास नदीच्या काठी मासबोमेल नावाच्या गावात अशी घरं आहेत. एरवी ती जमिनीवर टेकलेली असतात. पूर आला की खांबांच्या आधाराने पाण्याबरोबर वर येतात, पाणी ओसरलं की खाली बसतात. २०११ च्या पुरात ती ठरल्याप्रमाणे वर आली. दक्षिण कोरियातल्या बुसान शहरासाठी तर तरंगत्या वस्तीचा आराखडा २०२२ च्या एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात मांडला गेला. त्यात तीन तराफे मिळून ६.३ हेक्टर जागा आणि सुरुवातीला १२,००० माणसं, असा हिशेब आहे. मालदीवच्या आराखड्यात ५,००० घरं आहेत. त्या देशाची बहुतेक जमीन समुद्रापेक्षा एक मीटरसुद्धा उंच नाही, त्यामुळे त्यांची धडपड समजण्यासारखी आहे.

ही कल्पना नवीन मात्र नाही. जपानने १९७५ साली ओकिनावाच्या प्रदर्शनात ‘अ‍ॅक्वापोलिस’ नावाचं तरंगतं शहर उभं केलं होतं. भविष्यातलं शहर म्हणून लोकांनी ते रांगा लावून पाहिलं. २००० साली ते ओढून नेऊन भंगारात काढलं. ते शेवटपर्यंत तरंगत होतं. त्यात राहायला कुणी नव्हतं, इतकंच.

आता आत्याचा प्रश्न. दोर कशाला बांधायचा? इथे मी माझी एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली आहे. एका धरणावरच्या पॅनलच्या दोरांसाठी मी प्रोग्रॅम लिहिला. वारा किती, लाटा किती, दोरावर ताण किती यावा, सगळं बसवलं. ताण फार कमी झाला तर ‘सेन्सर बिघडला’ असं समजून तो आकडा सोडून द्यायचा, असंही लिहिलं. मार्च-एप्रिल आला, धरणाचं पाणी भराभर उतरलं, दोर सैल पडले आणि एकमेकांत गुंतले. माझा प्रोग्रॅम सगळं ठीक आहे म्हणत राहिला. गुंता पाहिला तो तिथल्या होडीवाल्या दादांनी. मला फोनवर म्हणाले, ‘मॅडम, पाणी उतरलं की दोर सैल पडणारच. आमच्या होडीचा रोज पडतो.’ मी सुरगाण्याची, दर उन्हाळ्यात पाणी उतरताना पाहत मोठी झालेली, आणि नेमकं तेच विसरले होते.

त्या वेळी नुकसान थोडक्यात निभावलं. दर वेळी तसं होत नाही. महाराष्ट्रासमोरच्या समुद्रात माणसं कित्येक वर्षं राहत आली आहेत, हे आपल्या लक्षात येत नाही. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हायला १९७४ मध्ये तेल सापडलं. तेव्हापासून तिथे लोखंडी फलाटांवर आणि तराफ्यांवर कामगारांचं राहणं, जेवणं, झोपणं चालतं. पी-३०५ हा असाच एक राहण्याचा तराफा होता. त्याला स्वतःचं इंजिन नव्हतं, तो नांगरांच्या भरवशावर उभा होता. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात नांगर सुटले, तराफा भरकटला आणि १७ मेला बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. नौदलाने आणि तटरक्षक दलाने १८६ जणांना वाचवलं. बाकीची ७५ घरी परतली नाहीत.

तरंगत्या शहरांची चित्रं पाहताना मला तो तराफा आठवतो. त्या चित्रांत पाणी नेहमी शांत असतं. आपला अरबी समुद्र जूनमध्ये कसा होतो ते कोळी बांधवांना विचारा. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच होडी लोटायची ही त्यांची रीत उगाच नाही पडली. त्यामुळे ही शहरं होतील ती उघड्या समुद्रात नव्हे, खाडीत, बेटांच्या आडोशाला, लाटा अडवणाऱ्या बांधाच्या आत होतील. म्हणजे त्यांना किनारा लागणारच.

आणि पाणीही लागणार. सर, तुमची लाल शाई इथे कामाला आली. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे सहा-सात चमचे. ते काढून गोडं पाणी करण्याची यंत्रं आहेत, आणि चांगल्या यंत्राला हजार लिटरमागे तीन-चार युनिट वीज पुरते. वीज सूर्यापासून घेता येते. पण यंत्राच्या जाळ्या बदलाव्या लागतात, उरलेलं खारं पाणी कुठे सोडायचं ते ठरवावं लागतं, मैल्याचं पाणी शुद्ध करावं लागतं. जमिनीवर आपण जे डोळ्याआड ढकलतो ते पाण्यावर दाराशीच तरंगतं. समुद्रात राहायला गेलेल्या माणसाचाही हंडा कुणीतरी भरावाच लागतो.

काही लोकांना तर वेगळ्याच कारणासाठी समुद्रावर जायचं आहे. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात एक संस्था निघाली. त्यांचं म्हणणं असं की घर तरंगतं असलं की सरकार आवडलं नाही तर घर ओढून दुसरीकडे न्यावं. २०१९ मध्ये थायलंडच्या फुकेतजवळ एक जोडपं समुद्रातल्या अशा घरात राहिलं. थायलंडच्या नौदलाने ते ओढून किनाऱ्याला आणलं. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. पण २०२२ च्या अखेरीस आपल्याच तालुक्याच्या सीमेवरच्या गावांनी, रस्ता नाही, पाणी नाही, दवाखाना नाही, मग आम्हाला गुजरातमध्ये घाला, अशी मागणी केली. घरं जागची हलली नव्हती, माणसांच्या मनातला दोर मात्र सुटत आला होता. मग मला हसता आलं नाही.

आता नर्मदेकडे येते, कारण आत्याला खरं उत्तर तिथे मिळतं. सरदार सरोवराच्या पाण्यात आपल्या राज्यातली, नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं आली. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ही गावं. काही लोक पुनर्वसनाच्या वसाहतींत गेले. काही डोंगरावर वर सरकले आणि पाण्याच्या काठी राहिले. जिथे पायवाटा होत्या तिथे पाणी आलं. मग शासनाला तिथे तरंगता दवाखाना सुरू करावा लागला, बोटीची रुग्णवाहिका ठेवावी लागली. २०२० मध्ये करोनाच्या भीतीने लोक अंगणवाडीत येईनात, तेव्हा रेलू वसावे या अंगणवाडी सेविका मासेमारीची होडी घेऊन स्वतः वल्हवत पाड्यांवर जायच्या. जाऊन-येऊन १८ किलोमीटर. लहान मुलांचं वजन करायचं, गरोदर बायकांना आहार द्यायचा आणि परत वल्हवत यायचं.

तरंगत्या शहरांच्या परिषदेत तो दवाखाना कुणी दाखवत नाही. पण पाण्यावर राहणं म्हणजे काय असतं ते महाराष्ट्रात मला तिथे दिसतं. घर कुठे आहे यापेक्षा डॉक्टर, शिक्षिका, रेशन, औषध तिथपर्यंत येतं का, यावर तिथलं जगणं टिकतं.

तेव्हा आत्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ती आज इथे नाही, बहुतेक ती झिऱ्यावर असेल. पण ही स्मरणिका मी तिला वाचून दाखवणार आहे.

आत्या, घर तरंगवता येईल. तुझं शेत तरंगवता येणार नाही. नागली, वरई, भात तरंगवता येणार नाही. मोहाची झाडं, गुरांची वाट, गावदेव, आणि सांजेला ज्या ओट्यावर तुम्ही बसता तो ओटा, यातलं काहीच माझ्या काँक्रीटच्या डब्यावर बसत नाही. जे स्वतःहून पाण्यावर राहायला जातात, ज्यांच्या खाली जमीनच उरत नाही, त्यांच्यासाठी हे तंत्र चांगलं आहे आणि मी ते काम मनापासून करते. पण ज्यांच्या दारात पाणी आणलं जातं, त्यांना ‘आता तरंगता येतं’ हे उत्तर देणं बरोबर नाही. त्या होळीच्या रात्री मी तेच दिलं होतं. चुकलं माझं.

त्याच वर्षी मे महिन्यात गुजरात सरकारने पार-तापी-नर्मदा प्रकल्प पुढे नेणार नसल्याचं जाहीर केलं. पुढे २०२४ मध्ये आपल्या राज्याने नार-पार-गिरणा योजनेला मान्यता दिली. गिरणेच्या खोऱ्यातला शेतकरीही तहानलेलाच आहे, त्याच्याशी आपलं भांडण नाही. माझं म्हणणं एवढंच की पाणी कुणाकडे न्यायचं याचा हिशेब मांडताना, ज्या डोंगरावर ते पडतं तिथल्या हंड्याचा आकडा आधी लिहावा. प्रोग्रॅम लिहिताना मी एक आकडा सोडून दिला होता आणि गुंता झाला होता. हा त्याहून मोठा गुंता आहे.

भाषण संपवण्याआधी एक काम सांगते. इंजिनिअरला बोलावलं की एवढं सहन करावं लागतं. आपल्या शाळेच्या छताचं माप मी काल टेपने घेतलं. शिपाईदादांनी दुसरं टोक धरलं. साधारण ४०० चौरस मीटर भरलं. आपल्याकडे हंगामात दोन मीटर पाऊस धरला तर या एका छतावर ८ लाख लिटर पाणी पडतं आणि पन्हाळीतून अंबिकेच्या वाटेला लागतं. त्यातलं फक्त ५० हजार लिटर अडवलं तर १०० मुलांना, दिवसाला प्रत्येकी ५ लिटर, असं १०० दिवस पिण्याचं पाणी होतं. म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटापासून शाळा सुटेपर्यंतचा प्रश्न मिटतो. टाकी, पन्हाळी, पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायची सोय आणि गाळणी, एवढंच लागतं. यात नवीन शोध काही नाही.

या पावसाळ्याआधी जमणार नाही, पुढच्या मे महिन्याच्या आत जमेल. आराखडा आणि मापं मी करून दिली आहेत, ती मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहेत. आपल्या वर्गात दोन गवंडीकाम करणारे, एक हार्डवेअरचं दुकान चालवणारा, एक ग्रामसेवक आणि निदान दहा नोकरदार आहेत. कुणी काय द्यायचं ते जेवणानंतर वहीत लिहू. वही माझ्याकडे आहे आणि पहिलं नाव मी माझं लिहिलं आहे.

आत्याने विचारलं होतं, दोर कशाला बांधलाय. मी पंचवीस वर्षं पुण्यात तरंगते आहे. माझा दोर या छताच्या पन्हाळीला बांधलेला आहे असं समजा. पाणी उतरलं की तो सैल पडतो, हे आता मला कळलं आहे, म्हणून दर उन्हाळ्यात येऊन बघत जाईन.

सर, निबंध पुन्हा तपासायला देते आहे. चाराचे पाच झाले तरी चालतील.